तीन हातांची गाठ

अंदमानला गळ टाकायला जायचं ठरलं, तेव्हा सामान मी निवडणार हे मी परस्पर जाहीर करून टाकलं. मला कुणी विचारलं नव्हतं. पण सरकारी कार्यालयात वर्षानुवर्षं खरेदीच्या फायली हाताळल्या की आपल्याला वस्तू निवडता येतात असा माणसाचा समज होतो, आणि निवृत्तीनंतर तो खोडून काढायला साहेबही उरत नाही.

जाणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा थोरला भाऊ. मी वारज्यात राहतो. दादा अजून धायरीत आहे, आम्ही वाढलो तिथेच. तेव्हा ते साधं गाव होतं. एका सायकलवर डबलसीट बसून आम्ही धरणाच्या पाण्यावर जायचो आणि हिंग घालून मळलेल्या कणकेच्या गोळ्या गळाला लावायचो. गळ बांधायचा तो दादानंच, कारण माझ्या गाठी हमखास सुटत. हातभर मासा मिळाला तरी आम्ही खूश असायचो. तो घरी पोचेपर्यंत सांगण्यात दीड हात झालेला असे.

पुढे दादा कारखान्यात फिटर झाला, मी टेबलाला चिकटलो. तरी दर दिवाळीला तो म्हणायचाच, एकदा समुद्रातला मासा धरायचा, आपल्याला ओढून नेईल असा. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दोन महिन्यांत तो चालायला लागला, टोमणे तर इस्पितळातही बंद नव्हते, पण उजव्या हातात जोर काही परतला नाही. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं आमची तिकिटं काढली आणि म्हणाली, "बाबा, आता पोस्टपोन नको." ती काय म्हणतेय ते मला कळलं. दादाला तो मासा धरायचा असेल, तर आत्ताच.

एवढं कळूनही मी काय केलं ते सांगतो. महिनाभर मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो. त्यात पॉपर नावाची एक वस्तू असते. लाकडाचा रंगीत मासा, तोंडाशी वाटीसारखा खोलगट. तो लांब फेकायचा आणि झटके देत ओढायचा, की पाणी धबाधब उडतं आणि खालून मोठा मासा चिडून अंगावर येतो. मी वेडाच झालो. निळा, गुलाबी, पोपटी, असे सहा घेतले. प्रत्येकाला तीन तोंडांचे दोन-दोन गळ. दोरी गुंडाळायचं रीळ घेतलं ते ड्रमचं, भक्कम, बसल्या जागी कौतुक करत राहावं असं. सगळं घेऊन धायरीला गेलो आणि दादाच्या पलंगावर मांडलं.

दादानं एक पॉपर उचलला. "ह्यो पाळण्याला टांगायचा का?"

मी त्याला गच्चीवर नेलं. रद्दीवाल्याचा ताणकाटा मी तासाभरासाठी मागून आणला होता. दोरी किती ओढ सहन करून सुटावी, हे रिळाच्या चकतीवर आधी ठरवावं लागतं. ताणकाट्याचं एक टोक टाकीच्या लोखंडी पायाला अडकवलं, दुसऱ्याला रिळाची दोरी बांधली आणि दादाच्या हातात रॉड दिला. "फिरव," म्हटलं. त्यानं रिळाच्या मुठीवर उजवा हात ठेवला. लगेच काढूनही घेतला. मग रॉड कठड्याला टेकवून म्हणाला, "चांगलं हाय. वजनदार हाय. चल, च्या घेऊ."

मी जिना उतरतानाही चकतीचं शास्त्र सांगत होतो. चहा देताना वहिनी हळूच म्हणाल्या, "भावजी, हे कप कुठल्या हातात धरतात, ते एवढे दिवस बघताय ना तुम्ही?"

ड्रमच्या रिळाची मूठ एकाच बाजूला असते. ती काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. मी आणलेल्या रिळाची उजवीकडे होती. आणि पॉपर तर दोन्ही हातांचा जोर लावून फेकावा लागतो. थोडक्यात, दादाच्या सहलीसाठी मी पूर्ण सामान माझ्या मापाचं घेतलं होतं. त्याला ते पहिल्याच मिनिटाला समजलं होतं आणि माझा विरस नको म्हणून तो चहा मागत होता. मला स्वतःची लाज वाटली. चहा तसाच टाकून मी उठलो.

पेठेतल्या दुकानदारानं माझ्याकडे न बघता डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं तीवर लिहिलं होतं.

"परत नकोय. डाव्या मुठीचं बदलून हवंय."

"डावखुरे आहात, हे घेताना ठाऊक नव्हतं?"

"माझ्या भावासाठी आहे. त्याचा उजवा हात चालत नाही."

"मग हे घेताना सांगायचं."

"माझ्या लक्षात आजच आलं," मी म्हणालो.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन डाव्या मुठीचं रीळ घेऊन आला. पॉपरही पाच परत घेतले. सहावा मी खिशातच ठेवला होता, एवढा काही मी सुधारलो नव्हतो. त्याच्यासमोर बसून मी प्रथमच नीट विचारलं, की एका हाताच्या माणसानं काय वापरावं. तो म्हणाला, होडीमागे गळ सोडून द्या, होडी ओढते, माणसाला फक्त दोरी गुंडाळायची. मी तिथूनच दादाला फोन लावला. तो म्हणाला, "मग मासा होडीनं धरला. मी कशाला जाऊ?"

शेवटी जिग ठरले. म्हणजे माशाच्या आकाराचे धातूचे चपटे तुकडे. ते सरळ खाली तळाशी सोडायचे. रॉड काखेत दाबून मूठ पाव-पाव फिरवली की जिग वर उठतो आणि पिकलं पान गळावं तसा डोलत खाली जातो. फेकायचं काही नाही, हिसडायचं नाही. बरोबर रॉडचा बुंधा टेकवायला कमरेचा पट्टा, आणि खांद्यावरून येऊन रिळाला अडकणारे बंद, म्हणजे उजव्या हातानं नुसतं सोबत असावं.

आता वहिनींची अट आली. रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हटल्याशिवाय त्या चहाला हात लावत नाहीत. आमच्याकडे रविवारी मटण असतंच, पण त्यांचा हिशेब वेगळा. "खायला आणलं तर एक वेळ ठीक. हौसेसाठी जीव घ्यायचा नाही. सोडून द्यायचा." दादानं काही वाद घातला नाही. गळाच्या टोकाशी एक उलटा दात असतो, मासा निसटू नये म्हणून. जिगचे गळ त्यानं एकेक करून वाइसच्या लोखंडी जबड्यात पकडले आणि डाव्या हातानं कानस चालवत ते दात घासून टाकले. मी म्हटलं, "दोरी जरा सैल पडली की मासा गेला, दादा." तो म्हणाला, "मग सैल नाय पाडायची."

राहिली गाठ. रिळावरची दोरी सुतळीहून बारीक आणि विणलेली, पुढे जोडायचा तो नायलॉन चांगला जाड. दोन्ही जोडायची गाठ म्हणजे बारीक दोरी ताठ धरून जाड दोरा तिच्यावरून एकदा वर, एकदा खाली असा वीसेक वेळा घालायचा. मी चार वेळा बांधली, पुन्हा मागून आणलेल्या ताणकाट्यावर चारही सुटल्या. दादा बघत होता. गाठी त्याच्या होत्या कायम, आणि आता त्याची बोटं मांडीवर पडून होती. मग म्हणाला, "तू नुसती ताठ धर." मी दोन मुठींत दोरी ताणून बसलो. त्यानं डाव्या हातानं दोरा घातला, दर वेढ्याला दातांनी आवळला. तीन हातांची ती गाठ व्हायला पाऊण तास गेला. ताणकाट्याचा काटा खालच्या टोकाला टेकला, गाठ हलली नाही.

अंदमानात पहिले दोन दिवस होडीत आम्हाला उन्हाशिवाय काही लागलं नाही. मी गुपचूप माझा पॉपर फेकून पाहिला, तो एका खडकावर गेला आणि तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी, डबा उघडायच्या बेतात असताना, दादाचा रॉड वाकला आणि वाकतच गेला. रीळ किंचाळायला लागलं. मी मागून त्याचा पट्टा धरला. मला सारखी ती गाठ दिसत होती, आणि घासलेला गळ. दादा कण्हत होता, हसत होता, डाव्या हातानं मूठ फिरवत होता, आणि दोरी त्यानं एकदाही सैल पडू दिली नाही. बऱ्याच वेळानं गाठ पाण्यातून वर आली, रॉडच्या कड्यांतून खडखडत आत गेली. पाठोपाठ मासा आला, रुंद, रुपेरी, परातीएवढ्या डोक्याचा ट्रेव्हली. होडी चालवणाऱ्या तांडेलानं गळ नुसता वळवला, तो अलगद सुटला. दादा होडीच्या काठावर ओणवा झाला, डावा हात माशाच्या पाठीवर ठेवला, आणि मासा खाली निघून गेला. मी रडत होतो. फोटो काढायचा राहूनच गेला.

दुपारी किनाऱ्यावर रेंज मिळाल्यावर वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. "केवढा होता?" त्यांनी विचारलं.

दादानं डावा हात लांब पसरला. उजवा उचलायला गेला, तो अर्ध्यावरच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुझा लाव."

मी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहून माझा हात पसरला. एका टोकाला त्याचा, दुसऱ्या टोकाला माझा.

"दोघं मिळून थापा मारताय," वहिनी म्हणाल्या.

मी माझा हात आणखी वीतभर लांब नेला. दादानं मला अडवलं नाही.