उंदीरकाकूने सही केली नाही

माझी धाकटी जाऊ एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात सव्वीस वर्षं उंदीर सांभाळत होती. आमची मुलं तिला उंदीरकाकू म्हणायची आणि ती बिनदिक्कत ओ द्यायची. ती कामावरून आली की सासूबाई नाक मुरडायच्या, वास येतो म्हणायच्या. येणारच, फुकट पगार देत नाहीत, असं सांगून ती आंघोळीला जायची. लोक तिला हट्टी म्हणत. म्हणोत बापडे.

काम सांगायला सोपं. उंदरांना एक औषध टोचून पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात, आणलेला असे. ते अडखळत चालू लागत आणि प्रयोग करणारे साहेब त्यांचा मेंदू तपासत. काकूने रोज सकाळी पिंजरे साफ करायचे आणि प्रत्येक उंदराचं वजन घ्यायचं. तिची एक सवय होती. तराजूत ठेवण्याआधी ती उंदराला तळहातावर घ्यायची, छातीखाली बोट ठेवायची आणि तो शांत होईपर्यंत थांबायची, नाहीतर वळवळतो आणि काटा ठरत नाही. उचलल्याबरोबर त्याचं काळीज शिलाई मशीनसारखं धावतं, मग हळूहळू निवतं, हे तिने मला स्वयंपाकघरात हातात बटाटा धरून दाखवलं होतं.

एका वर्षी तिच्या लक्षात आलं की टोचलेल्यांपैकी काहींचं काळीज उचलल्यावर धावतच नाही. वजनाच्या तक्त्यात त्यांच्यापुढे ती पेन्सिलने शून्य काढू लागली. साहेबांना सांगितलं, तर आपलं काम मेंदूवर आहे बाई, म्हणून त्यांनी वाटेला लावलं.

मग तीन आठवड्यांत चार उंदीर वजनाच्या वेळी तिच्या हातातच मेले. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात साहेबांनी चारही ओळींत लिहिलं, 'हाताळणीतली चूक'. म्हणजे ते उंदीर प्रयोगातून बाद, आकडे स्वच्छ, आणि काकूची रवानगी पिंजरे धुण्याच्या विभागात. खाली तेवढी तिची सही हवी होती.

मी तिला म्हटलं, सही कर आणि मोकळी हो, चार उंदरांसाठी कोण भांडतं? मी कॉलेजात वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेली बाई. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने भाजी चिरायला घेतली.

"वहिनी, मी मारले नाहीत. मग तसं लिहून का देऊ?"

दुसऱ्या दिवशी ती तक्ते घेऊन साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. मेलेल्या चौघांपुढे आधीच्या महिन्यापासून शून्यं होती. आणखी नऊ जिवंत उंदरांपुढेही होती. त्या नवांचे नंबर तिने वाचून दाखवले आणि बजावलं, आजपासून मी यांना बोट लावणार नाही, वजन दुसऱ्या कोणालाही करू द्या.

"बाई, आता तुम्ही मला शास्त्र शिकवणार?"

"शास्त्र नाही साहेब, उंदीर."

दहा दिवस ती वजनाच्या वेळी हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली. लोक हसले. बदलीचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. वजनं घेत होता दुसऱ्या पाळीतला परिचर, हलक्या हाताचा म्हणून नावाजलेला. आठव्या दिवशी नवांपैकी एक त्याच्या हातात गेला. दहाव्या दिवशी दुसरा, आणि तो खुद्द साहेबांच्या हातात.

तेव्हा कुठे उरलेल्या सातांना तारा लावून ठोके मोजले गेले, मग हृदयं तपासली गेली. हृदयाला धावायचा निरोप पोचवणारे मज्जातंतू विरळ झाले होते, म्हणून उचलल्याचा ताण त्यांना झेपत नव्हता. कंपवाताच्या माणसांतही असं होतं. उठून उभं राहताच त्यांना चक्कर येते, ती पुष्कळदा यामुळेही. साहेबांनी हे वाचलेलं होतं. मीही वाचलेलं होतं. बोट ठेवून पाहिलं होतं ते फक्त काकूने.

साहेबांनी बोलावून शाबासकी दिली, शोधनिबंधात तुमचे आभार मानू म्हणाले. काकूने नोंदवही उघडून पुढे सरकवली. त्यांनी पेन काढलं, पहिल्या ओळीतली 'हाताळणीतली चूक' खोडली, शेजारी सही केली. मग दुसरी. मग तिसरी. तेवढ्यात फोन वाजला. वही मिटत त्यांनी हातानेच खूण केली, झालं, या आता.

काकू जागची हलली नाही. फोन संपेपर्यंत थांबली आणि वही पुन्हा उघडली.

"साहेब, चौथा राहिला."