गळ्याशी आलेलं पाणी

आमच्या ओसुमी वाडीत बांबूच्या टोपल्या विणाव्यात त्या उशिमारोने. नाचात मात्र तो निव्वळ ओंडका. नाच त्याच्या थोरल्या भावाचा, तारुहितोचा. फार पूर्वी आमच्या मूळपुरुषाचा मासे धरायचा गळ त्याच्या धाकट्या भावाने हरवला. त्यावरून भांडण पेटलं, धाकट्याने जादूने समुद्र थोरल्याच्या अंगावर घातला आणि थोरला बुडता बुडता शरण आला. धाकट्याचे वंशज आता नारा राजधानीत बसून आमच्यावर राज्य करतात. आम्ही दर वर्षी तोंडाला तांबडी माती फासून त्यांच्यापुढे ते बुडणं नाचून दाखवतो. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला चढतं. गळ्याशी आलं की दोन्ही हात वर करून हलवायचे. तिथे दरबार हसतो. खरं सांगायचं तर आम्हीही हसतो, सवयच लागली आहे.

त्या उन्हाळ्यात तारुहितो मासे धरायचा पिंजरा काढायला नदीत उतरला. मी, त्यांची शेजारीण, काठावर ताग धूत होते, उशिमारो बांबू भिजत घालत होता. तारुहितो एकदा खाली गेला, वर आला आणि गळाभर पाण्यात हात हलवायला लागला.

"दादा, अजून वर घे हात!" उशिमारो ओरडला.

हात अजून वर गेले. आम्ही पोट धरून हसलो. मग हात दिसेनासे झाले.

उशिमारो रडला नाही. दुसऱ्या दिवशी टोपली विणायला बसला. मलाही रडू यायला हवं होतं, पण आतून काहीच हललं नाही. तारुहितोच्या बायकोने, इनेमेने, आई गेल्यावर या दिराला लहानाचं मोठं केलेलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"डोळे फुटले होते तुझे? बुडणारा माणूस आणि नाचणारा माणूस, कळत नाही होय रे?"

"नाही कळलं, वहिनी."

"कुणालाही कळलं असतं! मला कळलं असतं!"

त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. चूल एकच, पण ती त्याचं ताट वाढेना. तो माझ्याकडे वरीची पेज प्यायचा आणि तिच्या दाराकडे बघत बसायचा. दुसरं कुणी नव्हतंच त्याला.

शरद लागला तसा वाडीच्या म्हाताऱ्या म्होरक्याने त्याला बोलावून सांगितलं, नाचात भावाची जागा तू घे.

"मला नाही जमायचं, आजोबा."

"जमायचंय काय त्यात? बुडायचं तर आहे," म्हातारा बोलून गेला आणि खाली बघत राहिला.

खळ्यावर तालीम झाली. बायका जमल्या, इनेमेही आली, हाताची घडी घालून पुढेच उभी राहिली. पाणी कमरेला येईपर्यंत उशिमारो लाकडासारखा नाचला. पाणी गळ्याशी आलं आणि त्याने हात वर केले. ते शिकवलेले हात नव्हते. बोटं फाकलेली, डावा हात जरा खाली. नदीतले. मी ओळखले.

तेवढ्यात कुणीतरी खळखळून हसलं. पाठोपाठ सगळ्या बायका हसल्या.

पहिली हसलेली इनेमे होती.

उशिमारो थांबला, हात वरच ठेवून.

"तेव्हा असेच होते, वहिनी," तो म्हणाला.

इनेमेचं तोंड उघडंच राहिलं. मग ती पुढे झाली आणि तिने त्याचे हात धरून खाली घेतले.

"चल," ती म्हणाली, "जेवायला चल घरी."