नालीवरची फरशी

जालन्यात आमच्या गल्लीत नळ यायचा होता तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. गल्लीत मी याद्या करणारा म्हणूनच ओळखला जायचो. रस्ता खणायला घेतला त्याच दिवशी मी नवी यादी केली. तिच्यात एकच काम होतं: रस्ता उकरलेलाच आहे, तर आमच्या दारापुढची उघडी नाली फरशीने झाकून घेणं.

काम आईसाठी होतं. घरात ती आणि मी दोघंच. नालीपलीकडे मारुतीचं देऊळ. आदल्या वर्षी नाली ओलांडताना ती पडली, तेव्हापासून माझा हात धरूनच देवळात जायची. मी कचेरीत गेलो की उंबऱ्यात बसून समोरची घंटा ऐकायची. तक्रार करत नसे. संध्याकाळी एवढंच विचारायची, "आज रजा न्हाई भेटली का?"

खणणाऱ्यांचा मुकादम घनसावंगीकडचा, भला माणूस. "फरशी तुमची, हात आमचे," तो म्हणाला. "चर उघडा हाय तवर अर्ध्या दिवसाचं काम. पण नाली गल्लीची, तवा कागद अख्ख्या गल्लीचा पाहिजे. नळखात्याचे साहेब कागदाबिगर खडा हलवू देत न्हाईत. आन जल्दी करा. आठ दिवसांत बुजवून टाकतो."

परसात जुन्या न्हाणीच्या चार शहाबादी फरश्या होत्या. मी त्या मापल्या, धुतल्या, दाराशी आणून ठेवल्या. सरकारी कारभार उर्दूत, म्हणून अर्ज उर्दूत लिहून घेतला. दोन दिवस गेले. राहिल्या सह्या.

गल्लीत होळीचा पहिला नारळ वरच्या घरच्या आजोबांचा की खालच्या घरच्या काकांचा, हे आजवर ठरलेलं नव्हतं. आजोबा म्हणाले, "त्यांची सही वर असंल तर मी करत न्हाई." काका म्हणाले, "त्यांची झाली का? मंग कागद घरी ने." असे चार दिवस गेले.

शेवटी मी कागदावर वाटी उपडी ठेवून गोल काढला आणि गोलाभोवती सह्या घेतल्या. आजोबा आणि काका बरोबर समोरासमोर आले. दोघेही खूश. मीही.

सातव्या दिवशी साहेबांनी अर्ज हातात घेतला, एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"इसमें पहला कौन है? जवाब किसको भेजूँ?"

"सगळेच आहेत, हुजूर."

"सबको जवाब नहीं जाता," म्हणून त्यांनी तो परत केला.

बाहेर शिपाई म्हणाला, "पहिलं नाव तुमचंच टाकायचं ना." ते मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी आजोबा आणि काका दोघांच्याही वर मी माझं नाव घातलं नसतं.

उद्याच सह्या नव्याने घ्यायच्या असं ठरवून मी परतलो, तर चर बुजला होता आणि मुकादमाची माणसं माती चोपून बसवत होती. एक दिवस आधीच आटोपलं म्हणून मुकादम खुशीत होता.

आई म्हणाली, "तीन फरश्या आत ठेव, येणारा-जाणारा ठेचकाळतो. एक राहू दे. बसायला बरी हाय."

त्या फरशीवर बसून ती मारुतीचं शनिवारचं तेल देवळात जाणाऱ्याच्या हाती द्यायची. एका शनिवारी आजोबांच्या, दुसऱ्या शनिवारी काकांच्या. पाळी चुकू नये म्हणून मी यादी ठेवली होती.