सुट्या भागांचा फोन

सुईताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलं नव्हतं. घरोघर फिरून तपासणीसाठी रक्ताचे नमुने घ्यायचे, हे त्यांचं काम. कधीतरी एका पोराने भोकाड पसरत त्यांना हे नाव दिलं, ते चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्याचीही तीच गत. ते लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक, खिशात कायम पाना, म्हणून सगळ्यांचे पानाभाऊ. त्यांच्या हाताचा कामावर दबदबा होता. त्यांनी बोल्ट आवळून "झालं" म्हटलं की झालं. सुई आणि पान्याचा हा संसार तसा बरा चालला होता, घरात तो फोन येईपर्यंत.

फोन सुट्या भागांचा होता. बॅटरी पाठीवर खटक्याने बसवायची, कॅमेरा वेगळा, स्पीकर वेगळा. हवा तो भाग लावा, नको तो काढा. किंमत अशी की घेताना छातीत धडकी भरत नाही आणि घेतल्यावर छाती फुगतही नाही. पानाभाऊ दुकानात गेले एक फोन आणायला आणि आले दोन घेऊन, एक स्वतःला, एक बायकोला. "जी वस्तू उघडता येत नाही तिच्यावर माझा विश्वास नाही," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. बायकोला विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

खोटं कशाला बोला, फोनमध्ये गुण होते. नवा असताना एकदा काच तडकली तेव्हा भाजी शिजेपर्यंत पानाभाऊंनी घरीच नवी बसवली. दुपारी बॅटरी संपली की ताई पिशवीतली दुसरी लावायच्या, कोणाच्या घरी "जरा चार्जिंगला लावू का?" म्हणून तोंड वेंगाडावं लागत नसे. मोठा स्पीकर लावला की कानाने अधू असलेल्या म्हाताऱ्यांनाही "उपाशीपोटी थांबा" हे एका दमात कळायचं.

पण अवगुणांचा पाढा सुरू झाला की ताईंना धाप लागायची. फोन विटेएवढा जाड. एप्रनचा खिसा त्या बाजूला लोंबायचा. नकाशा उघडायला इतका वेळ घ्यायचा की तोवर ताई चार माणसांना विचारून घर शोधून मोकळ्या झालेल्या असत. जिन्यातल्या अंधुक उजेडात डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढावा तर चिठ्ठी पाण्यात भिजून वाळल्यासारखी दिसायची. म्हणून पानाभाऊंनी हौसेने नवा कॅमेरा मागवला, तर तो बसेचना. सगळं बदलता येतं ही त्या फोनची जाहिरात होती, आणि कंपनीने खटक्याचा आकारच बदलून ती खरी करून दाखवली होती.

आणि हे सगळं पोटात घातलं असतं, पण ती बॅटरी. रात्रभर स्टँडवर चार्ज झालेली बॅटरी सकाळी पानाभाऊ स्वतःच्या हाताने बायकोच्या फोनला लावून देत. त्या हात लावायला गेल्या की म्हणत, "तू नको, खटका नाजूक असतो." ताई निघायच्या. पहिल्या नाहीतर दुसऱ्या घराचा जिना चढताना फोन कानाला लावला की बॅटरी सुटायची आणि टणाटणा उड्या मारत खालच्या मजल्यावर जायची. फोन कट. पलीकडे सकाळपासून पोटात अन्नाचा कण नसलेला माणूस. त्याला वाटायचं, ताईंनी तोंडावर फोन आपटला. ताई खाली जायच्या, बॅटरीवरची धूळ फुंकायच्या, अंगठ्याने दाबून ती परत बसवायच्या. मग मात्र ती दिवसभर हलायची नाही. सकाळी एकदा रुसायचं आणि मग शहाण्यासारखं वागायचं, असा या फोनचा स्वभावच आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी त्या घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच पानाभाऊ विचारायचे, "आज पडली का बॅटरी?"

हे म्हणजे जखमेवर मीठ. ताई फोनच्या नावाने बोटं मोडायच्या, आणि पानाभाऊ एक चकार शब्द न बोलता ऐकून घ्यायचे. पण "मला साधा, अखंड फोन आणा" असं ताईंनी म्हटलं की एरवी शांत असणारा हा माणूस ताडकन उठून जायचा. एका फोनसाठी एवढा अभिमान बाळगणारा नवरा आपल्याच पदरात का पडावा, हे ताईंना कळत नव्हतं.

शेवटी प्रयोगशाळेतल्या मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. "ताई, तुम्ही पेशंटचे फोन कापता अशा तक्रारी येतायत. असंच चाललं तर तुमची घरं मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागतील."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरं त्यांनी जिने चढून चढून मिळवली होती. त्या तडक फोनच्या दुकानात गेल्या आणि फोन काउंटरवर ठेवला. "हा खटका सदोष आहे. बदलून द्या, नाहीतर फोनच परत घ्या."

दुकानातल्या मुलीने बॅटरी काढली, लावली, पुन्हा काढली. मग फोन उलटा धरून काउंटरवर आपटला. बॅटरी जागची हलली नाही.

"खटका चांगलाय ताई. हे बघा, अर्धी दाबली तरी बसल्यासारखी वाटते. पण अंगठ्याने चांगला जोर द्यावा लागतो, मग आत पक्की अडकते. लावणारा हलक्या हाताने लावत असेल."

ताईंना हसू आलं. "अगं, आमचे हे लिफ्टचे बोल्ट आवळतात. त्यांना एक बॅटरी लावता येत नाही होय?"

"मग तुम्ही लावल्यावर पण पडते का?"

ताईंनी स्वतः लावलेली बॅटरी कधीच पडली नव्हती. एकदाही नाही.

फोन पिशवीत टाकून त्या बाहेर पडल्या, पण पाय झपाझप पडेनात. पानाभाऊ हल्ली कप दोन्ही हातांनी धरत. बरणी ताईंपुढे सरकवून "उघड गं" म्हणत आणि पेपरात डोकं घालत. बटणांचे शर्ट कपाटात पडून होते. अंगात रोज तोच गळ्यातून घालायचा बनियनसारखा टी-शर्ट. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं आणि आळशीपणाच्या खात्यावर मांडलं होतं. त्यांना नवऱ्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि त्या दोन्हींच्या खाली भीती होती. दिवसभर लोकांचे हात हातात घेऊन नस शोधणारी बाई, आणि घरातला हात तिने कधी धरून पाहिला नव्हता.

घरी पानाभाऊ टेबलाशी बसले होते. "दुकानात दाखवून आणला," म्हणत ताईंनी फोन आणि सुटी बॅटरी त्यांच्यापुढे ठेवली. "काय म्हणाले दुकानात? फोन चांगला आहे ना?"

"चांगला आहे. बॅटरी लावून दाखवा."

त्यांनी लावली. ताईंनी फोन उचलून जरासा हलवला. बॅटरी टेबलावर पडली. पानाभाऊ ती पुन्हा उचलायला गेले, तेव्हा ताईंनी समोरची खुर्ची ओढली आणि त्यांचा हात आपल्या तळव्यावर घेतला.

"मूठ आवळा," त्या म्हणाल्या, रोज घरोघरी म्हणतात तशाच आवाजात.

पानाभाऊंची बोटं वळली आणि सैल राहिली.

"आणखी घट्ट."

"आवळलीच आहे."

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"थंडीपासून. अंगठ्यात जोरच येत नाही. वाटलं, जाईल."

"आणि माझी बॅटरी?"

"तेवढीच एक परीक्षा होती माझ्याकडे. ज्या दिवशी तू येऊन सांगायचीस की पडली नाही, त्या दिवशी वाटायचं, हात येतोय परत."

"मी कधी सांगितलं तसं?"

"दोनदा," पानाभाऊ म्हणाले.

"अहो, आणि कामावरचे बोल्ट? ते तुमच्यामागे कोण तपासतं?"

"मी झालं म्हटलं की जोडीदार पुढच्या कामाला लागतो. माझं काम कोण तपासणार?"

"आज कुठे होतात?"

"ती कोपऱ्यावरची उंच इमारत." त्यांचा आवाज खाली गेला. "ब्रेकचे बोल्ट."

ताईंनी बॅटरी उचलली, फोनला लावून अंगठ्याने दाबली आणि फोन त्यांच्यापुढे ठेवला. ताई उठल्या नाहीत. शेवटी पानाभाऊंनी जोडीदाराला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता जा आणि आज दुपारी आपण केलेली ती कोपऱ्यावरची लिफ्ट बंद करून ठेव," ते म्हणाले. "माणसं जिन्याने जाऊ देत. आणि थंडीपासून मी आवळलेला एकेक बोल्ट तुझ्या हाताने बघून घे." पलीकडून जोडीदाराने काहीतरी विचारलं. "नाही रे, लिफ्टचं काही नाही. माझा हात गेलाय."