मनोरीचा भांग आणि माझी अक्कल

मनोरीला लोक मासे खायला जातात, किनाऱ्यावर लोळायला जातात. मी गेलो माफी मागायला. त्यामुळे सूर्यास्ताचे फोटो नाहीत, आधीच सांगतो.

भरतीचं पाणी कधी आणि किती चढेल ते सांगणारा आमचा एक फुकट प्रोग्राम आहे. कोड सगळ्यांना खुला, चूक दिसली तर कुणीही कळवावी. तक्रारी निस्तरायला आम्ही तिघं: मी मुलुंडचा, बाकीचे दोघं परदेशातले, मराठीचा गंध नसलेले. कुणावर बंदी घालायची तर तिघांचं मत लागतं.

काही महिन्यांपूर्वी मनोरीच्या रूपालीची तक्रार आली, इंग्रजी अक्षरांत मराठी: "भांगला प्रोग्राम येडा होतो." मला वाटलं, कुणीतरी भांग चढवून मस्करी करतंय. तक्रार बंद केली. तिने पुन्हा उघडली, मी पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा तिने लिहिलं, "डोळे उघडून बघा ना जरा, बोटी अडकतायत!" माझं टाळकं सटकलं. दोघांना कळवलं की ही बाई नशेच्या गोष्टी करते आणि वर शिव्या देते. "तुझी भाषा आहे, तू म्हणतोस तर ठीक," ते म्हणाले. झाली बंदी. जगाला दिसेल असं कारणही मीच लिहिलं: नशेत दिलेला त्रास.

मागच्या आठवड्यात मुलगी भूगोल पाठ करत होती. "पपा, अष्टमीला येते ती भांगाची भरती ना?"

अरे देवा! अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी पाणी चढणारी. मराठी शाळेत हे मी घोकून मार्क मिळवलेत. अष्टमीच्या तारखा घालून प्रोग्राम तपासला. मनोरीच्या खाडीत तो खऱ्यापेक्षा हातभर जास्त पाणी दाखवत होता. रूपालीने अक्षर न् अक्षर खरं लिहिलं होतं, आणि मी तिला नशेबाज ठरवलं होतं.

रविवारी निघालो. मुलुंडहून लिंक रोडने गोरेगाव, तिथून मालाड, मग मार्वेची बस. जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, मार्वे रोडला नंतर वाट लागते. जेट्टीवरून फेरीबोट सारखी असते, स्कूटरसुद्धा चढवतात, आणि खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. मला तेवढाही कमीच वाटला.

बोटीत शेजारी माशांच्या पाट्या घेऊन बसलेल्या मावशींना विचारलं, "रूपाली कुठे राहते, ठाऊक आहे?"

"कंप्युटरवाली? कंप्युटरात पानी बघून भरतीचा कागद लावायची जेट्टीवर. बोटी चिखलात रुतल्या, मग लोकांनी फाडला तो कागद. पोर बाहेरच निघत नव्हती."

परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मावशींनी दाखवलेल्या घराच्या ओट्यावर रूपाली जाळं शिवत होती. मी नाव सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"तुम्ही ते?"

"हो. माफी मागायला आलोय. भांगाचा अर्थ मला... चूक माझी होती. बंदी उठवतो, ते कारणही पुसून टाकतो. कुणाला काही कळणार नाही."

"कुणाला काही कळणार नाही?" ती हसली, पण ते हसू बघवेना. "मला बेवडी म्हणालात जगासमोर, आणि माफी इथे ओट्यावर, हळूच? उत्तर द्यायची सोय पण ठेवली नाहीत ना मला. पुसू बिसू नका काही. तिथेच खाली लिहा. भांग म्हणजे काय तेही लिहा."

आतून तिच्या वडिलांनी विचारलं, "कोन आयलंय गो?"

"कोणी नाय बाबा. पत्ता विचारतायत."

त्या "कोणी नाय"ने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे घरगुती खानावळी छान आहेत म्हणे, बोंबील झकास मिळतात म्हणे. मी न जेवताच पुढची बोट पकडली.

खरं कबूल करतो: मनोरीला जाण्यात मोठेपणा वाटत होता मला. एवढ्या लांब येऊन माफी मागतोय, असं. प्रत्यक्षात मी चारचौघांत नाक कापून घ्यायचं टाळत होतो.

घरी येऊन तिच्या बंद तक्रारीखाली सगळं लिहिलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. बंदीसाठी मत द्यायचा अधिकार सोडला. सहकाऱ्यांपैकी एकाने एवढंच उत्तर दिलं, "आम्ही तुझ्या शब्दावर एका माणसाला बाहेर काढलं."

बंदी उठली, प्रोग्रामही दुरुस्त झाला, दुरुस्तीवर रूपालीचं नाव आहे. तिच्याकडून मात्र एक शब्द आलेला नाही. यावा असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी दिवसातून चारदा ते पान उघडून बघतो.