पदरचे शिसे

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी धुके, दहानंतर ऊन. नळवाला आजही आला नाही. मोरीतला नळ ठिबकतोच आहे. गाद्या गच्चीवर घातल्या. भाऊजींनी आपले कपाट उघडले, लगेच लावले आणि किल्ली खिशात टाकली. चहा निवून गेला तरी घेतला नाही. दुपारी ठकीचा फोन: रविवारी येते. भाऊजींना सांगितले, तर म्हणाले, "कशाला?"

मिशनच्या शाळेतल्या मदरनी रोजनिशीची शिस्त लावली तेव्हा सांगितले होते, आधी हवा लिहावी, मग माणसे, आणि तक्रारी जागा उरली तर. त्या दिवशी जागा उरली होती, पण तक्रार कशाची लिहावी ते मला कळले नव्हते.

भाऊजी म्हणजे माझे दीर. माझे यजमान गेले, दोन वर्षांनी जाऊबाई गेल्या, आणि आम्ही दोघे एका चुलीवर आलो. मागची खोली त्यांची. त्यांचे सासर-माहेर सगळे एकच, खेळण्यांचा कारखाना. तिथे ते ओतकामावर होते. डाय-कास्टची खेळणी, म्हणजे वितळलेले जस्त दाबाने पोलादी साच्यात सोडायचे आणि थंड झाले की साचा उघडून खेळणे काढायचे. घराण्याचा धंदाही ओतकामाचाच. सासरे पितळेच्या घंटा ओतत. माझ्या यजमानांनी ती भट्टी सोडून कचेरी धरली, धाकट्याने भट्टी धरून ठेवली. कारखान्यात, गल्लीत, दुकानात त्यांना सगळे 'ओतारी' म्हणत आणि त्यांना ते आवडे.

त्यांच्या हातून हजारो खेळणी निघाली, पण नाव झाले ते एकाच्या जोरावर. पहारेकरी. वीतभर उंचीचा, चिलखत घातलेला. शिरस्त्राणाची झडप वर केली की खाली दोन बारीक डोळे दिसत. खांदा फिरवला की कट्ट आवाज येई. त्या काळातल्या पोरांनी त्याच्यासाठी गडाबडा लोळून हट्ट केले आणि तीच पोरे आता टक्कल पडल्यावर त्याला शोधत फिरतात. अशी शौकीन माणसे आमच्याकडे पत्ता काढून येत. भाऊजी त्यांच्या पहारेकऱ्यांचे सांधे आवळून देत, रंगाचा टवका भरून देत आणि एका शब्दावर भाषण देत. तो शब्द म्हणजे वजन.

"हातात घ्या. घ्या ना! गेला ना हात खाली? याला म्हणतात वजन. पोराला कळलं पाहिजे की आपल्या हातात काहीतरी आलंय. प्लॅस्टिक म्हणजे धातूचं सोंग. शिंक आली तरी उडेल."

पुढे कारखान्याने ओतकाम बंद करून प्लॅस्टिक आणले तेव्हा मालकांनी त्यांना नव्या यंत्रावर घ्यायची तयारी दाखवली होती. भाऊजींनी डबा उचलला आणि घरी आले. साचे भंगारात गेले. आणि त्यांची एकुलती एक लेक काय शिकली? प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे साचे काढायला.

या लेकीला लहानपणी त्यांनीच ठकी नाव ठेवले. लाकडाच्या बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून. अजूनही तशीच आहे, कुणापुढे वाकत नाही. बापलेकीचे बोलणे म्हणजे चकमक.

"तुझ्या त्या बाहुल्या पंख्याखाली ठेवू नकोस ग, शेजाऱ्यांकडे जातील."

"आणि तुमचा पहारेकरी पायावर पडला तर अंगठा डबीत घालून दवाखान्यात न्यावा लागेल, बाबा."

हे सगळे हसण्यावारी होते. पण दिवाळखोरीत गेलेल्या जुन्या कारखान्याचे हक्क ठकीच्या कंपनीने घेतले आणि पहारेकरी पुन्हा काढायचे ठरवले, प्लॅस्टिकचा. मूळ साचा नाही, नकाशे नाहीत. एखादा न मोडलेला, मूळ रंगाचा नमुना मिळाला तर त्यावरून माप घेता येईल. असा नमुना एकच, साच्यातून पहिल्या दिवशी निघालेला, भाऊजींच्या कपाटात मऊ फडक्यात गुंडाळलेला. ठकीने नव्या वर्षात मागितला. भाऊजी म्हणाले, "माझ्या पोराचं सोंग काढायला मी माझंच पोर देऊ?" तिने परत मागितला. परत तेच. महिनाअखेर नमुना मिळाला नाही तर कंपनी दुसरेच खेळणे हाती घेणार होती. रविवारचा फेरा शेवटचा.

आता कपाटाचे. गुरुवारी भाऊजींनी पेपर उलटा धरलेला मी पाहिला तेव्हा विचारले, "भाऊजी, राग आहे की काही दुखतंय?"

ते उठले, कपाट उघडले, फडके सोडले. "चष्मा लावून बघा, वहिनी."

मी चष्मा लावला. पहारेकऱ्याच्या छातीवर बारीक भेगांचे जाळे होते, सुकलेल्या तळ्याच्या चिखलावर पडते तसे. मान फुगली होती, त्यामुळे झडप वर जात नव्हती. फडक्यात करडी पूड पडली होती.

"ओल लागली असेल," मी म्हणाले.

"ओल कुठली? कपाटात कापूर ठेवलाय, फडकं दर महिन्याला बदलतो." मग म्हणाले, "शिसं आहे त्याच्या पोटात. मीच घातलं."

सासऱ्यांची एक रीत होती. घंटेचे पितळ वितळले की मुशीत ते पदरचे काहीतरी टाकत. शिशाची एखादी गोळी, जुनी. म्हणत, ओताऱ्याने पदरचे घातल्याशिवाय धातू आपला होत नाही. पितळेला त्याने काही होत नसे, उलट रस साच्यात सुरेख धावे. भाऊजींनी ती रीत जस्ताच्या भट्टीवर नेली. कारखान्यात पाटी होती, भट्टीत परके काही टाकू नये. तिथला इंजिनियर बजावूनही गेला होता की जस्ताला शिसे बाधते, आज नाही तर वीस वर्षांनी बाधते. भाऊजी हसले होते. परके कुठे, पदरचे आहे. शिवाय शिसे जड. छापखान्यातले अक्षरांचे मोडके खिळे, मासे धरायच्या गळाचे शिसे, जे मिळेल ते ते डब्यातून नेत आणि पहारेकऱ्याच्या प्रत्येक घाण्यात टाकत. दुसऱ्या कोणत्याही खेळण्यात नाही. फक्त याच्यात, कारण हा लाडका.

"म्हणजे ते वजन..." मी म्हणाले.

"तेच ते."

मला एकदम चष्मेवाला आठवला. मागच्या पावसाळ्यात जाड चष्म्याचा एक भिडस्त माणूस खोक्यात पहारेकऱ्याचे तुकडे घेऊन आला होता. म्हणाला, काका, हा आपोआप फुटला. भाऊजी म्हणाले होते, "आपोआप दूध उतू जातं. धातू फुटत नाही. तुम्हाला वस्तू ठेवायची अक्कल नाही." तो बिचारा माफी मागून गेला.

"त्याला काय बोललो मी, वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यांनाही तोच आठवला होता. "हे ठकीला कळता कामा नये. रविवारी मी नाही म्हणेन, ती चिडून जाईल. जाऊ दे. झाकली मूठ. तिच्यापुढे मी फक्त ओतारी आहे, दुसरं काय आहे माझ्याजवळ?"

मी म्हणाले, "मी आपणहून सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"तुमच्या शाळेने घात केला तुमचा," ते म्हणाले आणि फडके बांधू लागले.

रविवारी ठकी आली ती दारातूनच बोलत. "काकू, नळ अजून गळतोय? बाबा, तुमच्या भट्टीत एक वायसर नाही ओतता येत?" जेवायच्या आधीच तिने विषय काढला. भाऊजींनी ठरल्याप्रमाणे नाही म्हटले, पण जोर नव्हता. ठकी ऐकून घेणारी नाही.

"निदान बघू तर द्या. लहानपणी शपथ घातली होती तुम्ही, हात लावायचा नाही. आता चाळिशी आली माझी."

"बघायला काय ठेवलंय त्यात?"

"बाबा, या महिन्यानंतर तो कोणीच बघणार नाही. त्यांनी दुसरं खेळणं निवडलं की संपलं. तुम्ही गेल्यावर मी काय दाखवू लोकांना? तुमचा उलटा पेपर?"

तिनेही पाहिले होते तर. भाऊजींनी किल्ली दिली. का दिली ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक दमले असावेत. खोलीत पडदा ओढलेला, उजेड कमी. ठकीने फडके सोडले, पहारेकऱ्याला उचलले आणि सवयीने खांदा फिरवला, तो कट्ट आवाज ऐकायला.

आवाज आला, पण वेगळा. हात खांद्यापासून निखळून तिच्या तळव्यात पडला.

ती जागच्या जागी थिजली. "बाबा... मी मोडला. बाबा, मी जोरात नाही फिरवला, खरंच."

भाऊजींनी तोंड उघडले. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते म्हणाले, "असू दे."

फक्त तेवढेच. "असू दे," आणि पाट मांडायला गेले.

जेवण कसले, नुसते घास मोजले. ठकी मान खाली घालून बसली होती. वाकत नाही म्हणून जिचे नाव ठेवले ती. मध्येच म्हणाली, "मी कंपनीला कळवते, होणार नाही म्हणून. मीच मोडला म्हणून सांगते." भाऊजी पाणी प्यायले. मग ती मोरीत भांडी घासायला बसली आणि नळाच्या आवाजात रडू लागली. मला वाटले होते की माझे काम गप्प बसणे आहे. पण आपल्या ओझ्याचे गाठोडे माणसाने लेकीच्या डोक्यावर द्यावा आणि आपण पाहावे, हे मला झेपेना.

मी मागच्या खोलीत गेले. ते खाटेवर बसले होते, पहारेकऱ्याचा मोडका हात मुठीत.

"भाऊजी, मुशीत पदरचं घातलंत ते घातलंत. हे तिच्या पदरात घालू नका."

मी परत आले, ओट्यावर कापड फिरवले, फिरवलेल्या जागीच पुन्हा फिरवले. मग त्यांच्या चपलांचा आवाज मोरीपाशी आला.

"ठके, नळ बंद कर."

"बंद होत नाही तो," ती नाक ओढत म्हणाली.

"मग नुसतं ऐक. तू नाही मोडलास. तो बुधवारीच मोडला होता. खरं तर मी ओतला त्या दिवशीच."

आणि त्यांनी तिथेच, ओल्या फरशीवर उभे राहून सगळे सांगितले. घंटा, गोळी, पाटी, इंजिनियर, चष्मेवाला. काहीही गाळले नाही. ठकी साबणाच्या हाताने ऐकत राहिली. मला वाटले ती समजूत घालील. तिने घातली नाही.

"आणि मघाशी? मी रडत होते, तुम्ही जेवत होतात."

"हो."

"किती सोपं होतं ना तुम्हाला."

"सोपं नव्हतं," भाऊजी म्हणाले. "पण केलं."

ती हात न पुसता बाहेर निघून गेली. पायऱ्यांवर बसून राहिली. मी मध्ये पडले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. उन्हे कलल्यावर आत आली, पिशवीतून मापाची पट्टी आणि वही काढली आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, "फुगलेल्या नमुन्याचं माप घेतलं तर नवा पहारेकरी फुगलेलाच निघेल. मूळ कसा होता ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. बसा इथे."

दोघे खिडकीपाशी बसले. भाऊजी बोटाने दाखवत होते. छाती इथे एवढी पुढे नव्हती. मान बारीक होती, करंगळीएवढी. झडपेखालच्या डोळ्यांपाशी आल्यावर त्यांचे बोट थांबले. झडप उघडत नव्हती, आणि उघडायला गेले तर चेहराच हातात आला असता.

"डोळे कसे होते?" ठकीने विचारले.

"बारीक." मग बोट मागे घेत, "आठवत नाही ग. हजारदा पाहिलेत."

तिने तिथे प्रश्नचिन्ह काढले.

"शौकिनांना सांगावं लागेल," ती म्हणाली. "सगळ्यांच्या कपाटात हेच होणार आहे."

"सांग. ओताऱ्यानेच सांगितलं म्हणून सांग. त्या चष्मेवाल्याला मी स्वतः जाऊन सांगतो." मग जरा चाचरत, "तुझं ते प्लॅस्टिक तरी टिकतं ना?"

"पिवळं पडतं. जुनं झालं की चिकट होतं. तुमच्याहून बरं आहे, एवढंच."

"वजन?"

"छातीत लोखंडाची चकती बसवता येईल."

भाऊजी पटकन म्हणाले, "नको. आत काही घालू नकोस."

ती हसली नाही, पण पेन्सिल थांबली. मग तिने लिहून घेतले. त्यांचे अजून बोलणे झाले नाही, म्हणजे जे बोलायला हवे ते. कामापुरते झाले. पहारेकरी मध्ये वर्तमानपत्रावर आडवा होता आणि त्याच्या भोवती करडी पूड पसरत होती. मी दिवा लावून दिला.

१५ फेब्रुवारी, रविवार. हवा कोरडी. ठकी राहणार आहे. उद्याला अर्धा लिटर दूध जास्त सांगितले. नळ अजून गळतो.