सही येणाऱ्या माणसाचा अंगठा

पोलिसातली नोकरी संपून आता बरेच दिवस झाले, पण मयताच्या अंगठ्यावरची ती निळी शाई काही डोक्यातून जात नाही.

हिंगोली जिल्ह्यात गोरेगावकडच्या एका गावात मोटारपंप आणि पाइपांचं दुकान होतं. मालक वारला. तेरावं उरकलं आणि त्याचा मुलगा ठाण्यात तक्रारी अर्ज घेऊन हजर. हा शहरात नोकरीला. विधवा बहीण मात्र बारा वर्षं माहेरी राहून तेच दुकान चालवत होती, त्यावरच तिचं आणि लेकराचं पोट. तिच्याकडे वडिलांचं मृत्युपत्र निघालं होतं, दुकान लेकीला. मुलगा म्हणे, कागद बनावट आहे.

कागद पाहिला. खाली अंगठा.

"वडिलांना सही येत होती?" मी विचारलं.

"बराबर येत व्हती साहेब. दुकानाच्या पावत्या बघा ना."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावकीतला एक म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मयताला आंघोळ मीच घातली. डाव्या अंगठ्याला डाग व्हता. हळदीचा असता तर बोललोबी नसतो, इथं हळदीचंच पीक, सगळ्यांचेच हात पिवळे. ही निळी शाई व्हती. घासली तरी निघंना."

बाईमाणसाचा जबाब घरी जाऊनच घ्यायचा. महिला शिपाई घेऊन मी गेलो. लेकीनं मी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, "मीच घेतला अंगठा. काय करायचं ते करा."

इतक्या झटपट कबूल होणाऱ्यावर मी नोकरीभर कधी विश्वास ठेवला नाही. विचारलं, "कोणत्या हाताचा?"

"उजव्या."

तेवढ्यात तिची आई चुलीपासून उठून बाहेर आली. "डावा व्हता साहेब. हिला काय ठावं, ही तवा पाव्हण्यांना फोन करून राहिली व्हती. उजव्या हातानं ते सही करायचे. त्याला हात लावू वाटला न्हाई."

महिला शिपायाचं पेन थांबलं. म्हातारी बोलत राहिली. नवरा वर्षभर म्हणत होता, दुकान लेकीच्या नावानं लिहून देतो. स्टँप आणला, मजकूर लिहून घेतला. पण सही हिंगोलीला जाऊन वकिलासमोरच करायची, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. आधी हळदीच्या हंगामाची गर्दी, मग लग्नसराई, जाणं राहिलं ते राहिलंच. "पोरगं दुकान इकून टाकील, मंग ही लेकरू घिऊन कुठं जाईल?"

मला राहवलं नाही. "अहो मावशी, घरी बसून साध्या कागदावर चाललं असतं. त्यांची सही आणि बाहेरचे दोन साक्षीदार, बस. आणि काहीच लिहिलं नसतं तरी, दुकान त्यांनी स्वतः कमावलेलं. कायद्यानं तीन सारखे हिस्से. तुमचा, मुलाचा, मुलीचा. तुमचा तुम्ही लेकीला देऊ शकता."

"लेकीला हिस्सा असतो?"

"असतो."

"मंग मी त्यांचा हात उगंच धरला, व्हय?"



मुलाला बोलावून सांगितलं. आईचं नाव ऐकलं आणि त्यानं अर्ज मागे घेतला. कागद कुठल्या कार्यालयात गेला नव्हता, तेवढ्या आधारावर मी प्रकरण निकाली काढलं. नियमावर बोट ठेवलं तर माझं चुकलं. चुकलं तर चुकलं! आईनं आपला हिस्सा लेकीला रीतसर बक्षीसपत्रानं दिला आणि मुलानं दुकान विकायचा विषय पुन्हा काढला नाही.

या प्रकरणानं मला जे शिकवलं ते कायद्याच्या पुस्तकातलं नाही. माझे वडील गेले तेव्हा मी दोन्ही बहिणींना जीपमध्ये घालून हक्कसोडपत्रावर सह्या करायला नेलं होतं. एकेक साडी दिली. कागदात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला तर कायदा पाठ होता. फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी दोघींना घरी बोलावलं, शेताचे कागद पुढ्यात ठेवले आणि तेव्हा तुमच्याकडून काय लिहून घेतलं ते सांगितलं. धाकटी चहा पीत होती. कप खाली न ठेवताच म्हणाली, "दादा, आमाला तवाच ठाऊक व्हतं."